सोनेरी पट्टा चुकीच्या जागी: बोगोताच्या महिला सायकलिंग संघाचं किट, २०१४

सप्टेंबर २०१४ मध्ये इटलीच्या तोस्काना भागात 'जिरो देल्ला तोस्काना' ही महिलांची टप्प्याटप्प्यांची शर्यत होती. कोलंबियाच्या राजधानीचा, बोगोताचा संघ तिथे उतरला होता. खेळाडू ओळीने उभ्या राहिल्या, कुणीतरी फोटो काढला, आणि बघता बघता तो जगभर फिरला. किटचा, म्हणजे संघाच्या गणवेशाचा, वरचा भाग लाल-पिवळा होता आणि मांडीवर पुन्हा लाल. या दोहोंच्या मधे, पोटापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, एक फिकट सोनेरी पट्टा होता. फोटोत मात्र तो सोनेरी दिसत नव्हता. पहिल्या नजरेला वाटत होतं की या मुलींच्या अंगावर पोटापासून मांडीपर्यंत कपडाच नाही.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रायन कुकसन यांनी ट्विटरवर जाहीर केलं की सभ्यतेच्या कुठल्याच मापात हे बसत नाही आणि आम्ही या प्रकरणात लक्ष घातलंय. वर्तमानपत्रांनी 'सर्वात वाईट किट' अशा मथळ्यांनी फोटो छापला. ज्यांनी आयुष्यात महिलांची एकही शर्यत पाहिली नव्हती, त्यांनीही तो पुढे ढकलला.

मी स्पर्धांच्या आणि क्लबांच्या जर्सी डिझाइन करते. सायकलिंगच्या कपड्यांबद्दल कुणी मला एकच उदाहरण मागितलं तर मी हेच देते. त्यात कापड आहे, शाई आहे, प्रायोजक आहे, कॅमेरा आहे, बाईचं शरीर आहे, आणि 'हे फायनल' असं म्हणणारी साखळीही आहे. गाडी नेमकी कुठे घसरली हे यात फार स्पष्ट दिसतं.

आधी संघाबद्दल. नाव होतं 'बोगोता हुमाना–सान मातेओ–सोल्गार'. त्यातलं 'बोगोता हुमाना' हे गुस्तावो पेत्रो महापौर असतानाच्या शहर प्रशासनाचं ब्रीद होतं. संघाला बोगोताच्या क्रीडा आणि मनोरंजन संस्थेचा, म्हणजे आयडीआरडीचा आधार होता. दर रविवारी शहरातले शंभराहून जास्त किलोमीटरचे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळे करून देणारी 'सिक्लोव्हिया' हीच संस्था चालवते. बोगोताचा झेंडा पिवळा आणि लाल आहे, त्यामुळे किटमधले ते दोन रंग कुठून आले हे उघड आहे. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला कोलंबियाचा नाइरो किंताना जिरो दि'इतालिया ही पुरुषांची मोठी शर्यत जिंकला होता आणि त्याच देशाचा रिगोबेर्तो उरान दुसरा आला होता. कोलंबियाच्या सायकलिंगकडे सगळ्यांचे डोळे होते. महिलांच्या शर्यतींसाठीही ते वर्ष मोठं होतं. २७ जुलै रोजी पॅरिसच्या शाँझ-एलिझेवर 'ला कुर्स' ही शर्यत पहिल्यांदा झाली आणि मारियान व्होस ती जिंकली. महिला सायकलिंगला जुलैत इतकं मोठं व्यासपीठ मिळालं, आणि सप्टेंबरात त्याच खेळाचा जगभर गाजलेला फोटो हा ठरला. मला यातली ही गोष्ट सर्वात जास्त बोचते.

किट संघातल्याच एका खेळाडूने डिझाइन केलं होतं. टीका सुरू झाल्यावर ती पुढे आली. रंग सोनेरी आहे, अंगाचा नाही. आणि बाई म्हणून, खेळाडू म्हणून, सायकलपटू म्हणून आपल्याला त्याची अजिबात लाज वाटत नाही, असं तिने सांगितलं. संघ काही महिने हेच किट घालून शर्यती खेळत होता. तोवर कुणी हरकत घेतली नव्हती.

माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांवर उभं आहे. रंग सोनेरीच होता, आणि काही महिने कुणाला काही दिसलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या तर डिझाइन करणारीला दोष देऊन प्रकरण मिटत नाही. सोनेरी रंग अंगाचा कसा झाला, आणि इतके दिवस तो कुणाच्या नजरेत का आला नाही, हे शोधावं लागतं.

रंगापासून सुरुवात करू. सोन्याला स्वतःचा असा रंग नसतोच म्हणा ना. आपण ज्याला सोनेरी म्हणतो तो पिवळट-तपकिरी आणि त्यावर हलणारी चकाकी, असा दोन्ही मिळून होतो. बांगडी हातात फिरवली की एक कड पांढरी होते, दुसरी काळपट, आणि या फरकातून डोळा म्हणतो, हे सोनं. चकाकी काढून घ्या, नुसता सपाट रंग ठेवा, की उरतो गेरू आणि बदामी यांच्या मधला काहीतरी. कागदावरच्या छपाईत धातूची शाई वापरता येते. छपाईच्या रंगांना क्रमांक देणाऱ्या पॅन्टोनच्या पुस्तकात ८७१ पासून ८७७ पर्यंतचे क्रमांक खास त्यासाठी आहेत. सायकलिंगच्या कपड्यावर मात्र जवळजवळ सगळी छपाई सब्लिमेशनची असते, आणि सब्लिमेशनमध्ये धातूची शाई नसते.

सब्लिमेशन कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण जर्सी मागवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं. आर्टवर्क आधी ट्रान्स्फर पेपरवर छापतात. तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सियसच्या हीट प्रेसमधून काढतात. उष्णतेने शाई वितळत नाही, तिचा सरळ वायू होतो आणि तो पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसतो. म्हणून छपाई हाताला लागत नाही, धुतली तरी उखडत नाही, घामाला वाट मोकळी राहते. पण शाई पारदर्शक असते. पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कापडाचा मूळ रंग. कापडावर दिसणारा प्रत्येक रंग हा पांढऱ्यावर चढवलेला पातळ थर असतो.

आता यात लायक्रा आणा. ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत १९५८ साली हा ताणणारा धागा तयार झाला आणि पुढे सायकलिंगच्या शॉर्ट्सनी लोकर कायमची सोडली. शॉर्ट्सच्या कापडात साधारण पाचवा हिस्सा लायक्राचा असतो, म्हणूनच ती अंगाला चिकटून बसते. हातात चार बोटं रुंदीचा तुकडा घ्या, गेरू रंगात छापलेला. टेबलावर तो छान गडद दिसतो. दोन्ही अंगठ्यांनी ताणा आणि खिडकीकडे धरा. विणीचे फासे उघडतात, त्यांच्या मधे बारीक पांढऱ्या रेघा दिसायला लागतात, कारण शाई धाग्याच्या वरच्या बाजूलाच बसलेली असते, आत आणि बाजूला तो पांढराच असतो. अजून ताणलं तर रेघा रुंद होतात आणि गेरूचा बदामी होतो. कारखान्यातली माणसं याला 'पांढरं मारतंय' म्हणतात. काळ्या, निळ्या, लाल रंगातही हे होतं, पण निळ्याचा फिकट निळा झाला तर तो निळाच राहतो. सोनेरीचा फिकट सोनेरी होत नाही.

हे आकड्यांत पाहिलं की लगेच पटतं. संगणकावर धातूसारखा सोनेरी दाखवायला जो नेहमीचा रंग घेतात, त्यात, ० ते २५५ या मापावर, लाल २१२, हिरवा १७५ आणि निळा ५५ असतो. गव्हाळ-बदामी छटेचे आकडे लाल २१०, हिरवा १८०, निळा १४०. म्हणजे लाल आणि हिरवा जवळपास तेच, खरा फरक फक्त निळ्यात. तीन भाग सोनेरीत एक भाग पांढरा मिसळला की आकडे होतात २२३, १९५, १०५. निळा जवळजवळ दुप्पट झाला आणि रंग अर्ध्या वाटेवर पोचला. उरलेली वाट ऊन आणि कॅमेरा पार करतात. कडक उन्हात काढलेल्या मोबाइलच्या फोटोत उजळ भाग आणखी पांढरे होतात, रंगांचं संतुलन कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवतो, आणि फोटो पुढे पुढे जाताना दाबला जाऊन त्यातले बारीक फरक पुसले जातात.

आणि कापड सर्वात जास्त ताणतं कुठे? पोटावर, नितंबांवर, मांडीच्या वरच्या भागावर. पट्टा नेमका तिथेच होता. बाह्यांवर किंवा खांद्यावर हाच सोनेरी बराच जास्त सोनेरी राहिला असता.

पण रंग ही अर्धीच गोष्ट आहे. एजी२आर या फ्रेंच संघाने वर्षानुवर्षं तपकिरी शॉर्ट्स घातल्या. लोकांनी नाकं मुरडली, पण ते खेळाडू उघडे आहेत असं कुणाला वाटलं नाही. नव्वदच्या दशकात इटलीच्या कारेरा संघाच्या शॉर्ट्सवर जीन्सच्या कापडाचं चित्र छापलेलं असायचं. तेही विचित्रच होतं, पण लोकांनी ते कौतुकाने लक्षात ठेवलं. बोगोताच्या किटमध्ये वेगळं काय होतं?

जागा वेगळी होती. आपला डोळा माणसाकडे पाहताना कपडा कुठे संपतो आणि अंग कुठे सुरू होतं याच्या कडा शोधतो. या कडा आपल्या ओळखीच्या असतात: गळा, बाही, कंबर, शॉर्ट्सचं टोक. तपकिरी शॉर्ट्स कंबरेला सुरू होऊन गुडघ्याच्या वर संपते, म्हणजे शॉर्ट्स जिथे सुरू व्हायला आणि संपायला हवी तिथेच. डोळ्याला ते 'शॉर्ट्स' म्हणूनच वाचता येतं. बोगोताच्या किटमध्ये वरचा लाल-पिवळा भाग पोटावर संपत होता, म्हणजे आखूड टॉप जिथे संपतो तिथे. खालचा लाल भाग मांडीवर सुरू होत होता, लांब मोज्यांचं वरचं टोक असावं तसा. मधला पट्टा जवळपास मोकळा होता. त्याला तोडणारी नक्षी नाही, तिरकी रेघ नाही. डोळ्याने कडा जुळवल्या आणि निष्कर्ष काढला: वर टॉप, खाली मोजे, मधे अंग.

हाच रंग त्याच जागी ठेवून त्यावर दोन बोटं जाडीच्या लाल तिरक्या पट्ट्या मारल्या असत्या, तरी बहुधा फोटो कुणी पुढे पाठवला नसता. किंवा रंग न बदलता पट्टा फक्त शॉर्ट्सच्या कंबरेपासून पूर्ण खालपर्यंत नेला असता, तर ती एजी२आरसारखी एक न आवडणारी शॉर्ट्स झाली असती, एवढंच. सोनेरी रंग, मोकळी जागा आणि चुकीच्या कडा या तिन्ही एकत्र आल्या म्हणून हे झालं. एकही निघाली असती तर झालं नसतं. म्हणूनच डिझाइन तपासताना 'रंग बरा आहे का' एवढंच विचारून पुरत नाही.

शॉर्ट्सचा रंग ही तशी अलीकडची चैन आहे. पूर्वी शर्यतीतली शॉर्ट्स काळी असायची, आणि त्याला कारण होतं. साखळीचं तेल, खोगिराच्या चामड्याचा रंग, घाम, रस्त्यावरचा चिखल, सगळं काळ्यावर खपून जातं. लोकरीच्या काळात ताणण्याचा प्रश्नही नव्हता. रंगीत लायक्रा आली, सब्लिमेशन आलं, आणि शॉर्ट्स हीसुद्धा प्रायोजकाची जागा झाली. आजही जाणते डिझायनर शॉर्ट्सच्या मागच्या आणि मधल्या तुकड्यांना छापील कापड लावतच नाहीत. ते तुकडे आधीच धाग्यापर्यंत काळे रंगवलेल्या कापडाचे घेतात आणि छपाई फक्त मांडीच्या बाजूच्या तुकड्यावर करतात. दिसायला साधं, पण ताणलं तरी पांढरं मारत नाही आणि पावसात आरपार दिसत नाही. पांढऱ्या शॉर्ट्स भिजल्या की काय होतं हे सायकलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. काही महिने कुणाला का दिसलं नाही?

मला यात कुणाचा खोटेपणा दिसत नाही. सायकलवर बसलेली खेळाडू पुढे वाकलेली असते. पोट आत जातं, मांड्या वर-खाली होत असतात, बघणारा बाजूने बघतो आणि तेही क्षणभर. त्या अवस्थेत पट्ट्याचा फार थोडा भाग दिसतो. ओळीने सरळ, समोर तोंड करून उभं राहिल्यावरच तो पूर्ण रुंदीने उघडतो. शिवाय संघातल्यांनी आणि संघाच्या आसपासच्या लोकांनी आधी आर्टवर्क पाहिलेलं होतं. ज्याला तो रंग सोनेरी आहे हे माहीत आहे, त्याला तो सोनेरीच दिसतो. डोळा माहितीच्या मागे जातो. नवख्या माणसाला ती माहिती नव्हती आणि त्याने जे दिसलं ते वाचलं. जगभर पसरलेल्या फोटोत हे सगळं एकत्र आलं: खेळाडू सरळ उभ्या, समोरून ऊन, बोटाएवढं चित्र आणि नवखा बघणारा.

याचा अर्थ, किट मंजूर करताना या चार गोष्टींमधून ते जायला हवं होतं आणि गेलं नाही. ही साखळी मला ओळखीची वाटते, कारण आपल्याकडे क्लबची जर्सी अशीच मंजूर होते. डिझायनर संगणकावर मॉकअप करतो. मॉकअपमध्ये डोकं नसलेला पुतळा असतो, रंग चकाकते असतात, कापडाला सुरकुती नसते, आणि 'सोनेरी' हा खरोखर सोनेरी दिसतो कारण पडदा स्वतःच प्रकाश टाकतो. ते चित्र ग्रुपवर जातं. प्रायोजक आपला लोगो पुरेसा मोठा आहे का एवढंच बघतो. आयोजक तारीख बघतो. खजिनदार भाव बघतो. त्या चित्राखाली होकाराचे अंगठे येतात आणि ऑर्डर लुधियानाला, तिरुपूरला किंवा मेरठला जाते. प्रत्येकाने आपापला तुकडा तपासलेला असतो. अख्खं किट अंगावर कसं दिसेल हे तपासण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

म्हणून 'खेळाडूकडून डिझाइन करून घेतलं म्हणून असं झालं' हे तेव्हाचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. खेळाडूने डिझाइन करणं ही फार चांगली गोष्ट आहे. पॅड कुठे टोचतं, बाहीचं टोक कुठे कापतं, मागच्या खिशातून केळं काढताना हात कसा जातो, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिच्यामागे छपाई जाणणारा माणूस उभा करणं, एक नमुना शिवून घेणं आणि बाहेरच्या कुणाला तरी तो दाखवणं ही व्यवस्थेची कामं होती. पैसे देणारे होते, पदं असलेले होते. टीका मात्र अंगावर किट असलेल्या मुलींवर झाली, त्यांच्या शरीरांवर विनोद झाले. पुरुषांच्या संघाचं किट फसलं तर लोक किटला हसतात, बायकांचं फसलं तर बायकांना हसतात. कुकसन यांच्या त्या ट्विटमध्येही 'सभ्यता' हा शब्द आला आणि चर्चा छपाईवरून चारित्र्याकडे गेली. अध्यक्षांनी त्याऐवजी संघाशी बोलून नवं किट करायला मदत देऊ केली असती, तर त्या खेळाडूंना जगासमोर स्वतःची बाजू मांडत बसावं लागलं नसतं.

हे इतक्या तपशिलात सांगायचं कारण आपल्याकडे आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा, मुंबई, कुठेही बघा, ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी, घाटातल्या शर्यती, ट्रेल रन, किल्ल्यांच्या मोहिमा, सगळ्यांना स्वतःची जर्सी हवी असते. आणि आपल्या कल्पना बहुतेकदा मातीच्या असतात. सह्याद्रीचा दगड, सुकलेलं गवत, गडाची तटबंदी, भंडाऱ्याचा पिवळा, भगवा. म्हणजे नेमके तेच रंग जे ताणल्यावर आपल्या अंगाच्या रंगाकडे सरकतात. तोस्कानाच्या त्या फोटोतला पट्टा युरोपी वाचकाला अंगाचा वाटला. आपल्याकडे त्यापेक्षा गडद, मातकट, खाकी, विटकरी छटाही तसं करू शकतात. ब्लाउजच्या अस्तराला आपण जो 'स्किन कलर' मागतो त्याचीच दुकानात किती वेगवेगळी ठाणं निघतात, ते आठवा. खेळाडू कोण आहेत ते बघूनच कुठली छटा धोक्याची आहे हे ठरवावं लागतं.

भगव्याची वेगळी तऱ्हा आहे. पडद्यावर तो पेटल्यासारखा दिसतो. पॉलिएस्टरवर छापला की कधी तांबडा होतो, कधी नारिंगी, आणि लायक्रावर ताणला की त्यात गुलाबी झाक येते. शॉर्ट्सवर भगवा मागितला तर मी तो मांडीच्या बाहेरच्या बाजूला, काळ्याच्या शेजारी देते. शेजारी गडद रंग असला की भगवा भगवा राहतो.

माझ्या कामाची पद्धत या प्रकरणातून बरीचशी ठरली आहे. कारखान्याकडून रंगांचा तक्ता मागवते, पण कागदावरचा नाही, त्याच कापडावर छापलेला. जर्सीचं कापड वेगळं, शॉर्ट्सचं वेगळं, कारण एकाच फाइलमधून दोन्हींवर दोन रंग उतरतात. तो तक्ता आधी सपाट बघायचा, मग गुडघ्यावर ताणून उन्हात बघायचा, मग पाण्यात बुडवून. पावसाळ्यात ताम्हिणीतून जाणाऱ्या माणसाची जर्सी कोरडी असण्याचा संबंधच नसतो. त्यानंतर एक पूर्ण नमुना शिवून घ्यायचा आणि ज्या अंगावर तो सर्वात जास्त ताणला जाणार आहे त्या अंगावर चढवायचा, सडपातळ मुलावर नाही. बायकांच्या स्पर्धेसाठी असेल तर बाईच्याच अंगावर, बायकांच्या कटचा. 'युनिसेक्स चालेल' हे वाक्य ऐकलं की मी थांबवते. युनिसेक्स म्हणजे पुरुषांचा कट, आणि तो नितंबांवर आणि छातीवर असा ताणतो की छापलेला लोगोसुद्धा वाकडा होतो.

मग फोटो. तीन-चार जणींना ओळीने उन्हात उभं करून, दहा पावलांवरून, साध्या मोबाइलने. तो फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून ज्या माणसाने आर्टवर्क पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी पाठवायचा, सोबत एक शब्दही न लिहिता. पहिलं उत्तर जे येईल ते खरं. या सगळ्याला एका नमुन्याचा खर्च आणि एक आठवडा लागतो. आयोजक म्हणतात वेळ नाही. त्यांना मी बोगोताचा फोटो दाखवते. वाद तिथेच मिटतो.

ज्यांना जर्सी घालायची आहे त्यांच्यापैकी कुणाला तरी नकाराचा अधिकार द्यायला हवा, यावरही मी अडून बसते. मत विचारणं वेगळं आणि नकाराचा अधिकार वेगळा. 'ताई, कशी वाटली?' याला 'छान' हेच उत्तर येतं. 'तुम्ही नाही म्हणालात तर हे छापायला जाणार नाही' असं सांगितलं की मग बोलणं सुरू होतं: कंबरेची रेघ नको, पाठीवरचा पांढरा तुकडा भिजला की आतलं दिसेल, पोटावर तो लोगो नको. ही वाक्यं प्रायोजकाच्या बैठकीत कधीच येत नाहीत.

बोगोताच्या त्या किटची फाइल माझ्याकडे आली असती तर काय केलं असतं, हा प्रश्न मी शिकाऊ मुलांना सोडवायला देते. अट एकच: लाल, पिवळा आणि सोनेरी, तिन्ही रंग राहिले पाहिजेत, कारण ते शहराचे आणि प्रायोजकांचे आहेत आणि खेळाडूने विचार करून निवडलेले आहेत. मुलं बहुतेकदा सोनेरी काढूनच टाकतात. मी तो परत आणायला लावते.

माझं उत्तर असं आहे. शॉर्ट्स धाग्यापर्यंत काळी, फक्त मांडीच्या बाहेरच्या तुकड्यावर लाल, त्यावर प्रायोजकाचं नाव पांढऱ्यात. जर्सीचा पोटाचा भाग झेंड्यातला लाल, कंबरेच्या खाली पूर्ण उतरणारा, म्हणजे उभं राहिलं तरी जर्सीची आणि शॉर्ट्सची कड जिथे असायला हवी तिथेच येते. छातीवर पिवळा. सोनेरी खांद्यावर आणि बाह्यांवर, जिथे कापड कमी ताणतं, आणि तोही सपाट नाही: गडद तपकिरीकडून पिवळ्याकडे जाणाऱ्या बारीक तिरक्या रेघांचा, म्हणजे चकाकीचा भास राहतो आणि पांढरं मारलं तरी रेघा मधे येतात. बाहीच्या टोकाला चार बोटं लाल पट्टी, सोनेरी आणि उघडा हात एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पाठीवरच्या तीन खिशांवर 'बोगोता' मोठ्या अक्षरांत, कारण घोळक्यात मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं. मग नमुना शिवायचा, खेळाडूंना घालायला द्यायचा, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच बाकीच्या मापांचं कटिंग लावायचं.